निर्दोष सुटल्यावरचा खटला

अ‍ॅड. भास्करराव डबीर यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या विद्वत्तेवर लिहायला मोठी माणसे आहेत. मी त्यांचा एक हरलेला पक्षकार. पुढे त्यांच्याच कचेरीत कारकून झालो, म्हणून हे धाडस.

पहिली भेट महाल भागातल्या त्या कचेरीतच झाली. मी लष्करात, फलटणीत नाईक होतो. गोदामातले डिझेल मोजणीत कमी भरले, आळ माझ्यावर आला, कोर्ट मार्शल झाले आणि मी निर्दोष सुटलो. थोड्याच महिन्यांत एका ओळीच्या हुकुमाने मला घरी पाठवले. सेवेची गरज उरलेली नाही, म्हणे. गावी, कन्हानला, मी सुट्टीवर आल्याचे सांगत होतो. सुट्टी संपेना, तेव्हा गल्लीने काय ते ओळखले. मी अंधार पडल्यावरच पाणी भरायला जाऊ लागलो.

हे सांगताना माझी मान वर होत नव्हती. साहेब म्हणाले, “गजभिये, निर्दोष सुटलेला माणूस जमिनीकडे काहून पाहून राहिला गा?”

एकाच आरोपासाठी माणसाला दोनदा भोगायला लावता येत नाही. खटल्यात जे सिद्ध झाले नाही, त्याचीच शिक्षा हुकुमाने देता येत नाही, असे साहेबांनी न्यायालयात मांडले. सरकारी वकिलांचे उत्तर सोपे होते : ही शिक्षाच नव्हे, हा प्रशासकीय निर्णय आहे. न्यायमूर्तींना ते पटले. अर्ज फेटाळला गेला. मला वाटले, आता गावाला पुरावाच मिळाला.

पुढच्या रविवारी साहेब न बोलावता एसटीने कन्हानला आले. माझे बाबा कोळसा खाणीतले जुने कामगार. मी परतल्यापासून ते माझ्याशी बोलत नव्हते. विहारातून वंदना आटोपून माणसे बाहेर पडत होती. तिथेच, सगळ्यांदेखत, साहेबांनी बाबांना सांगितले की तुमचा मुलगा लष्करी न्यायालयातून निर्दोष सुटलेला आहे.

बाबा म्हणाले, “निर्दोष होता तं काढलं काहून त्याले?”

साहेब म्हणाले, “मी कोर्टाले हेच विचारलं. उत्तर काढता आलं नाही मले. हार माझी आहे, तुमच्या पोराची नाही.” आणि त्यांनी हात जोडले.

बाबांनी घाईने ते हात धरून खाली केले. एवढा मोठा माणूस माझ्यापायी हात जोडून उभा होता, याची लाज मला नोकरी गेल्याच्या लाजेहून जड वाटली. घरी जाताना बाबांनी मला विचारले, “जेवला काय गा?”

साहेब अशा हुकुमांविरुद्ध लढतच राहिले. पुढे एका जवानाला बाजू मांडू दिली नव्हती, या मुद्द्यावर त्यांनी त्याच्यावरचा तसाच हुकूम मागे घ्यायला लावला. निकालानंतर बाहेर येऊन मला म्हणाले, “तुमच्या वेळी जमलं नाही.” त्यांचे अभिनंदन करायचे सोडून मी दुसरीकडे पाहत राहिलो.

आजही फलटणीतून केव्हा निवृत्त झालात, असे कोणी विचारले की मी विषय बदलतो. या लेखाखाली ‘कारकून’ एवढेच छापा, असे मी संपादकांना कळवले होते. साहेबांनी ते बदलायला लावले. छापलेले पाहणे मला अवघड जाईल, तरी राहू दिले आहे.

साहेबांची प्रकृती ठणठणीत राहो, आवाज असाच खणखणीत राहो, आणि त्यांची शंभरी पाहण्याइतके आयुष्य आम्हांलाही मिळो.

महादेव गजभिये
माजी नाईक