माळावरची सवत

नातवंडं गळ्यात दुर्बीण अडकवून येतात आणि विचारतात, "आजी, श्रीगोंद्याच्या माळावर माळढोक नेमका कुठं दिसायचा?" आजी तेव्हा कशी दिसायची, हे कुणी विचारत नाही. पन्नास वर्षं झाली, त्या पक्ष्याचा नंबर अजून माझ्या वरचाच.

दिसायचा आमच्याच वावरात. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, बहात्तरचा दुष्काळ अजून पडायचा होता. पावसाळ्यात ज्वारीच्या रानाला कुळवाची पाळी घालताना आमच्या ह्यांना ढेकळांत माळढोकीचं अंडं सापडलं. एकच. बसलेल्या पाखराला उठवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ह्यांनी कुळव उचलला, वळवला आणि खळ्याएवढा तुकडा तसाच सोडला. तिथं गवत माजलं आणि त्यात त्या बाईसाहेब.

झालं! घरात तिचंच कौतुक. चहा पिता पिता हे म्हणायचे, "आज ऊन लई हाय. तिचं कसं व्हईल?" मला ताप आला होता तेव्हा "गवती चहा पी" एवढ्यावर भागवलं होतं. तिच्यासाठी बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा उतरवल्या. मी भाकरी घेऊन गेले तर लांब बांधावरच थांबवायचे. "चालत आलेलं मानूस बघितलं की ती उठतीया. बैलं दिसली तर न्हाई." आणि जेवायचे तिच्याकडं तोंड करून. भाकरी माझी, अन् पाठही मलाच!

सासूबाई तेल ओतायला होत्याच. "बघ गं, ती कशी एका जागी गप बसती. न्हाईतर तू."

"तिच्यामागं चूल न्हाई, आत्याबाई."

शेवटी एका सकाळी मी चहाची कपबशी ह्यांच्यापुढं आदळली. "तिला रोज भेटता. मला एकदा तरी न्या की!"

हे हसले. "चल मग. गाडीत बस. गाडीला ती भीत न्हाई."

आता ही शहाणी नटली. पाखरू बघायला जाताना अंगावर लग्नातलं पिवळंधमक लुगडं, डोक्यात फुलं, दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरलेले. कुणाला दाखवायचं होतं म्हणता? तिला!

ह्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि घोंगडं अंगावर टाकलं. "पांघर हे. कोसावरनं चमकतीयास." भर उन्हात घोंगडं! मी रागानं हात झटकला, तशा बांगड्या वाजल्या. तेव्हा ह्यांनी डोक्याचा पटका सोडला, त्याची चिंधी फाडली आणि माझ्या बांगड्यांभोवती गुंडाळत बसले. हळूहळू, काच पिचू नये म्हणून. माझा हात एवढा वेळ त्यांनी लग्नातसुद्धा धरला नव्हता.

गाडी तुकड्याच्या कडेनं जाऊन थांबली. ती मला लगेच दिसली. करडं अंग, पांढुरकी लांब मान, माथ्यावर काळी टोपी. सगळ्या शिवाराची मालकीण असल्यासारखी माझ्याकडं बघत होती. वाटलं, एक जोरात शिंक द्यावी. उडू दे हिला, नेऊ दे कावळ्याला अंडं, संपू दे कौतुक. शिंकेसाठी नाक वर केलंही होतं. पण ती उडाली तर उद्या मला कोण गाडीत घालून आणणार?

"दिसली का?" हे कानाशी कुजबुजले.

"कुठं?"

"ती काय, रुईच्या झुडपापाशी." त्यांचा गाल माझ्या गालाला टेकला.

"न्हाई बाई."

"अगं, एवढी मोठी बसलीया! बोटाच्या रेषेत बघ." हात खांद्यावरून पुढं आला.

"गवतच दिसतंय नुसतं."

"आंधळी हायेस का काय?" त्यांनी कासरा ओढला. "ऱ्हाऊ दे. उद्या परत येऊ."

दुसऱ्या दिवशी हे बैल जुंपायला आले, तेव्हा पटक्याची चिंधी हातात धरून मी आधीच गाडीत बसले होते. अंड्यातून पिल्लू निघालं, चालायला लागलं, आईच्या मागं माळाकडं गेलं. तोवर मला काही ती दिसली नाही.