तापाच्या पानावरची पहिली ओळ

रातोमिर डॉक्टर आमच्या आरिल्ये गावच्या दवाखान्यात पहिल्यांदा आले तेव्हा मला ते शिंपी वाटले होते! हसा, हसा, मला तर अजून हसू येतं. आल्या आल्या त्यांनी खिशातनं टेप काढली आणि माझ्या पांढऱ्या कोटाच्या खिशाला लावली. मी म्हटलं, "अहो, नवे कोट शिवणार असाल तर कंबर मोजा. वाढलीये ती, खिसा आहे तेवढाच आहे."

माणूस हसेल तर शपथ! "पुस्तक खिशात मावायला हवं, सिस्टर," म्हणाले आणि पुढचा कोट मोजायला गेले. हे आमचे नवे मुलांचे डॉक्टर, हे मला दुपारी कळलं.

त्यांना लिहायचं होतं लहान मुलांच्या दुखण्यांचं छोटंसं पुस्तक, पण घाईतल्या डॉक्टरांसाठी. एका तक्रारीला एक पान. ताप, उघडा पान. आधी काय विचारायचं, काय तपासायचं, वजनाप्रमाणे औषध किती, पोराला मोठ्या हॉस्पिटलात कधी पाठवायचं. बास. कारण रास्पबेरीच्या हंगामात आमच्याकडे काय होतं ठाऊक आहे ना? आया मळ्यात आणि पोरं आज्यांच्या काखेत. दारात ही झुंबड, आत एकटा डॉक्टर. तो जाडजूड ग्रंथ चाळत बसणार कधी?

पुस्तक छापायचं की नाही ते बेलग्रेडची समिती ठरवणार, आणि समिती म्हणजे प्रोफेसर ग्रादिमिर. डॉक्टरांनी एका पानाचा ताप पाठवला की प्रोफेसर तो फुगवून परत पाठवायचे. आधी व्याख्या हवी, मग प्रकार हवेत, मग परदेशातली मतं हवीत. डॉक्टर कापून पुन्हा पाठवायचे, की ते पुन्हा फुगवणार! राग निघायचा माझ्यावर. कॉफी कडू का, दार का आपटलं, थर्मामीटर कुठाय.

"डॉक्टर," मी एकदा म्हटलं, "एवढ्या वेळात लग्न करून दोन पोरं झाली असती. वर त्यांचा ताप घरातच बघायला मिळाला असता."

"सिस्टर यागोदा, तुमची जीभ खिशात मावत नाही, तिला कापा आधी!"

बघा, म्हणजे बोलायला येत होतं.

खरी ठिणगी पडली ती स्तामेन्का आजींच्या नातवावरनं. पोर तापलेलं आणि मान टाकलेली, उठवलं तरी उठेना. ड्यूटीवरच्या दुसऱ्या, तरुण डॉक्टरनं बिचाऱ्यानं जाड्या ग्रंथाबरहुकूम सगळं विचारलं. पडला का, गोळ्या खाल्ल्या का, अल्कोहोलशी काही संबंध आला का? "देवा रे!" आजी कडाडल्या, "आमच्या घरात लेकराला अल्कोहोल?" झालं. मेंदूत ताप गेला असं समजून पोराला गाडीत घालून जिल्ह्याला धाडलं, तिथं पाठीत सुई टोचली. निघालं काय, तर रक्तातली साखर पार उतरलेली! ग्लुकोज चढवल्यावर पोरगं उठलं आणि रडायला लागलं. नशीब बलवत्तर.

रातोमिर डॉक्टरांनी आजींना गाठलं. "आजी, राकिया किती चोळलीत?"

"किती म्हणजे? चोळतात तेवढीच! छातीला, पाठीला, तळव्यांना. आणि मोजे भिजवून घातले. घरच्या प्लमची आहे, पहिल्या धारेची."

"मग त्या डॉक्टरला सांगितलं का नाहीत?"

"त्यानं अल्कोहोल विचारलं! राकिया काय अल्कोहोल आहे होय रे?"

चिमुकल्या अंगात ती दारू कातडीतनं मुरते, श्वासातनं जाते, साखर उतरते, पोर गळून पडतं. पण ताप उतरवायला आमच्या आज्यांच्या आज्यांनी चोळली, त्यांना सांगणार कोण?

त्या दिवशी डॉक्टरांनी तापाच्या पानावर पहिली ओळ लिहिली: 'राकिया चोळली का, विचारा.' प्रोफेसरांनी लाल रेघ मारून परत पाठवली. 'शास्त्रीय पुस्तकात असला शब्द शोभत नाही. अल्कोहोल लिहावे.' डॉक्टरांनी पुन्हा राकिया लिहिली. पुन्हा लाल रेघ. शेवटी निरोप आला की ओळ बदला, नाहीतर पुस्तक विसरा.

डॉक्टर जेवेनात. "अख्खं पुस्तक घालवू का एका ओळीसाठी? आणि ओळ घालवली, तर पुढच्या हंगामात पुन्हा कुठलंतरी पोर सुईखाली जाणार!" मला चिडवायलासुद्धा सुचेना.

शरदात प्रोफेसर आमच्याकडे भाषणाला आले. नेमका डॉक्टरांच्या घरच्या संताचा सण. सणाच्या घरावरनं उपाशी जायची आमच्यात पद्धत नाही, तेव्हा प्रोफेसरही आले. मेणबत्तीपुढं उकडलेल्या गव्हाचा घास झाला, डॉक्टरांच्या आईनं राकियाचा पेला पुढं केला. "आरोग्याला!" म्हणून प्रोफेसरांनी रिकामा केला. दुसराही केला. मग मी वाइन ओतायला गेले, तर त्यांनी ग्लासावर हात ठेवला.

"नको, नको. रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. अल्कोहोल अगदी बंद."

डॉक्टरांनी काटा खाली ठेवला. "आणि सर, मघाशी ते दोन पेले?"

"ती तर राकिया हो! घरची!"

मी तोंडात रुमाल कोंबला. प्रोफेसरांच्या कानांच्या पाळ्या आधी लाल झाल्या, मग टक्कल. डॉक्टरांनी कोटातनं तापाचं पान काढून त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं, वर पेन.

"बरं," प्रोफेसर पुटपुटले, "तळटीपेत घाला."

"पहिल्या ओळीत."

"निदान कंसात तरी!"

"कंसाशिवाय."

"अहो, बारीक अक्षरात..."

"ठळक अक्षरात, सर."

प्रोफेसरांनी माझ्याकडे बघितलं, पण मी काय त्यांच्या बाजूची? मग त्यांनी पेन उचललं आणि ओळीखाली सही केली.