मशीनच्या आवाजात मिळालेला धीर

ह्यांना कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टरमधलं स्वतःचं क्वार्टर सापडेना झालं, तेव्हापासून माझी श्रद्धा डळमळू लागली होती. रोज दिवा लावायची, पण हात जोडले की मनात यायचं, इतकी वर्षं दत्ताच्या पायाशी बसून काय मिळालं? ह्यांनी सारी नोकरी भिलाईच्या पोलाद कारखान्यात, रोलिंग मिलमध्ये काढली. मिलमधल्या प्रत्येकाला नावानं ओळखणारा हा माणूस आता पोटच्या मुलीचं नाव शोधत राहायचा.

डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय पुन्हा करायला सांगितला. गेल्या वर्षीच्या चित्रांशी ताडून पाहिलं, की अल्झायमर किती पुढे सरकला ते कळणार होतं. पण मशीनमध्ये जराही हलायचं नव्हतं. ठकठक सुरू होताच हे घाबरून धडपडू लागले, त्यांना बाहेर काढावं लागलं. "मले मिलमध्ये ड्युटीवर जायचं आहे," एवढंच म्हणत राहिले. तुम्ही केव्हाच रिटायर झालात, असं मी परोपरीनं समजावलं. त्यांनी माझा हात झटकला. हृदय नाजूक, त्यामुळे गुंगीचं औषध देणंही धोक्याचं. ह्यांना घेऊन मी बाहेरच्या बाकावर बसले. दत्ता, आता तूच बघ, इतकंच मनात म्हटलं.

शेजारी पिकल्या केसांच्या एक बाई आपल्या यजमानांना व्हीलचेअरवर घेऊन आल्या होत्या. त्या उठून ह्यांच्यापुढे उभ्या राहिल्या.

"भाऊ, मिल सुरू होऊन राहिली. भोंगा होईपर्यंत हलू नका."

हे ताठ बसले, मान डोलावली. मग त्या मला हळूच म्हणाल्या, "ताई, त्यांले खरं-खोटं समजावत बसू नका. ते जिथं आहेत, तिथं तुमीच जा."

मंगळसूत्र काढून ठेवून मी आत गेले, ह्यांचे पाय धरून बसले. मशीनचे घण पडत होते. पाय थरथरले की मी हलकेच दाबायची आणि मनात नाम घ्यायची. हे शेवटपर्यंत हलले नाहीत. बाहेर येऊन पाहते, तर त्या बाई निघून गेल्या होत्या. नाव विचारायचंही राहिलं.

डॉक्टरांनी दोन्ही चित्रं शेजारी लावून दाखवली. आठवणी सांभाळणारा भाग आक्रसला होता, भोवतीची काळी पोकळी वाढली होती. हे मला विसरतील का, असं मी विचारलं. पुढे तसं होऊ शकतं, ते म्हणाले.

त्या बाईंना कोणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही. ह्यांची स्मृती परत दे, हे मागणं मात्र मी सोडलं. ती दत्ताच्या हवाली केली. परवा देवघरापाशी ह्यांनी मला विचारलं, "तुमी कोणाकडच्या?"

मी दिव्याची वात सारखी केली. म्हटलं, "तुमच्याच घरची."

हे हसले आणि सरकून मला शेजारी बसायला जागा दिली. त्या जागेसाठी मी रोज दत्ताचे पाय धरते.