पावणेनऊ भागिले अडीच

बाबांनी पेन्सिल उचलली तेव्हाच मी नळ बंद केला. माझ्या मुलीच्या वहीतलं गणित साधंच होतं, पावणेनऊ भागिले अडीच. मी स्वयंपाकघराच्या दारात ओल्या हातांनी उभी राहिले.

बाबांची सगळी नोकरी कोलकात्यात, गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत गेली. लहानपणी मला गणित तेच शिकवत. भागाकार झाला की ताळा करायचाच. आलेल्या उत्तराला भाजकाने गुणायचं, मूळ संख्या परत आली तरच वही मिटायची. मी कंटाळून खोटा ताळा मांडायचे आणि दर वेळी पकडली जायचे.

गेल्या महिन्यात ते भर दुपारी आमच्याच गल्लीत ऑटोतून उतरले आणि मराठी पानवाल्याला बंगालीत आपल्याच घराचा पत्ता विचारू लागले. घरी आल्यावर म्हणाले, ऊन लागलं. मीही ऊनच म्हणत राहिले. त्यांना डॉक्टरांकडे न्यायचं मी आज-उद्यावर ढकलत होते, कारण ते काय सांगतील याची मला भीती वाटत होती.

आता त्यांनी पावणेनऊचे पस्तीस चतुर्थांश केले, अडीचचे पाच द्वितीयांश. इथवर ठीक. पुढे दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचा, तर त्यांनी पहिलाच उलटा केला. उत्तर आलं दोन सप्तमांश. म्हणजे पावणेनऊमध्ये अडीच एकदासुद्धा मावत नाही म्हणे. ताळा करू नका, बाबा, असं मी मनातल्या मनात घोकत होते. केला नाही तर त्यांना कळणार नाही, आणि मलाही अजून थोडे दिवस ऊनच म्हणता येईल.

त्यांनी ताळा केला. दोन सप्तमांश गुणिले अडीच, पाच सप्तमांश. पावणेनऊ कुठेच नाही. त्यांनी तो पुन्हा केला, आणखी एकदा केला. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"ताळा जुळत नाही," ते म्हणाले. "पण चूक कुठे आहे ते मला दिसत नाही गं."

शेवटी मुलीनेच वही आपल्याकडे ओढली. "आजोबा, तुम्ही फर्स्टवाला उलटा केला. सेकंडवाला करायचा असतो."

"हो का?" बाबा तिला अगदी अदबीने म्हणाले. "हे मला कुणी शिकवलंच नव्हतं."