जाळीतली भेट

मी शिकलो तो गावच्या शाळेतल्या बाईंमुळे. तुरुंगातून सुटलेल्या बायकांना उभं करण्याच्या कामालाही त्यांनीच मला लावलं. सुक्या बोंबलांचा वास आला की नव्वदच्या सुमाराची तारोडी या मासेमारांच्या गावातली एक भाड्याची खोली आठवते. तुरुंगातून सुटून तिथे आलेल्या आईकडे राहायचं की मामाकडे परतायचं, हे मुलीनेच ठरवायचं होतं. हातभर अंतरावर बसून दोघी ओरडून बोलू लागल्या. "जेवलीस का?" "जेवले, तू?" घरमालकीण धावत आली, "भांडन हाय का काय?" "नाही मावशी," मुलगी म्हणाली, "आम्ही असंच बोलतो." तुरुंगातल्या भेटीत मधे जाळी आणि दोन्हीकडे गर्दी असायची, ओरडल्याशिवाय ऐकूच जायचं नाही. घरी येऊन मी बाईंना पत्र लिहिलं: "मुलगी आईकडे राहिली. पण मी निघेपर्यंत एकीनेही दुसरीला हात लावला नव्हता."