टिकली पाहणारी हौसाआत्या

भाताच्या शेतातून चालताना हौसाआत्याशी बोलण्यात अर्थ नसे. वाक्य अर्धवट टाकून ती बांधावरून खाली उतरायची, पातीवर बसलेलं एखादं पांढरं पाखरू, म्हणजे किडीचा बारका पतंग, दोन बोटांत अलगद धरायची आणि उन्हाकडे करून बघायची. "टिकली हाय का बघ गं," म्हणून मग ते माझ्या नाकाशी.

पिवळट पंखांवर एकेक काळा ठिपका असला, तर ती खोडकिड्याची मादी. तपकिरी दिसतो तो तिचा नर. "त्याला काय बघतेस? अंडी ती घालनार, तिला बघ!" असं म्हणून आत्या स्वतःच हसायची. खालापूरकडच्या आमच्या गावात पाखरं आपल्याइतकी कुणाला कळत नाहीत, हेही ती स्वतःच सांगत फिरे. ते खरं असल्यामुळे लोकांची फार पंचाईत व्हायची.

एका श्रावणात पावसाने दडी मारली आणि आत्याच्या भाताच्या खाचरात पांढरी पाखरं उठली. शेजारचे बाळूकाका म्हणाले, "खोडकिडा हाय. फवारा मार."

आत्याने एक पाखरू धरलं. पांढरंशुभ्र. "टिकली कुठं हाय रं? ही सुरळीतली अळी. पानाची सुरळी करून पान्यावर तरंगते. खाचरातलं पानी भायेर सोडलं की मेली."

"आन् पाऊस नाय आला तर? वर्षाचं खानं हाय त्यात, हौसा!"

"माजं हाय ना? मग मी बघीन."

आम्ही दोघींनी दोरीची टोकं धरून ती भातावरून ओढली. सुरळ्या टपाटप पाण्यात पडल्या. आत्याने बांध फोडला आणि वाहत्या पाण्याला टोपली लावली. जमीन उघडी पडत गेली तशी मला धडकी भरली. आत्या मात्र टोपलीतल्या सुरळ्या काकांना दाखवायला निघालीसुद्धा! पाऊस पुन्हा आला तोवर भाताला नवी, धड पानं फुटली होती. तिची भाची असल्याचा तेव्हा चढलेला ताठा अजून उतरलेला नाही.

आत्या गेल्या उन्हाळ्यात वारली. मी भिसेगावात राहते, पण भाताच्या दिवसांत गावी जातेच. यंदा बाळूकाका काडेपेटीत आपल्या खाचरातलं पाखरू घेऊन आले. "हौसाची भाची ना तू? बघ."

मी ते उन्हाकडे धरलं. "टिकली नाय, काका. पाणी सोडा."

काकांनी वर पाहिलं. आभाळात ढग नव्हता. मग त्यांनी घरातून दोरी आणली आणि तिचं एक टोक माझ्या हातात दिलं.