आइतवारचा बिघाड

पिकतं तिथे विकत नाही, ही म्हण ज्यानं केली त्याच्या घरी नक्की एक जावई असणार. मी कॉम्प्युटर, मोबाइल आणि त्यांच्या भानगडी यांवर एका मराठी पेपरात दर आठवड्याला लिहितो. लातूरच्या एक मास्तरीणबाई मला विचारतात, फोन तापतो, काय करू. जालन्याचे एक डॉक्टर माझा सल्ला घेतल्याशिवाय लॅपटॉप घेत नाहीत. आणि माझ्या सख्ख्या वडिलांचा फोन अडला की ते, मी हाताच्या अंतरावर चहा पीत बसलेलो असताना, म्हणायचे, "राहू दे. आइतवारी जावईबापू येतील, ते बघतील."

वडिलांना आम्ही अप्पा म्हणतो. इथल्याच हिमायतनगर भागातल्या एका कचेरीतून निवृत्त झालेले, आई गेल्यापासून जरा अबोल. मराठी मुलखाबाहेरच्या या शहरात, काचीगुडा स्टेशनच्या मागच्या गल्लीत आम्ही तिघं राहतो, अप्पा, मी आणि माझी बायको. जावईबापू म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझे दाजी. ते मूळचे पुण्याचे. ताई आणि ते दोघंही आयटीत, शहराच्या दुसऱ्या टोकाला गच्चीबावलीत राहतात. मी ज्या गोष्टींबद्दल नुसतं लिहितो, त्या हा माणूस बनवतो. हा काटा माझ्या मनात होताच. त्यात ते दिसायला बरे, बोलायला मऊ, आणि कधी आवाज चढवत नाहीत. अशा माणसाचा राग करायला फार कष्ट पडतात. मी ते घेतले.

आइतवारी सकाळी अप्पा दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि फोन टेबलाच्या मधोमध ठेवून बसायचे. बायकोला आदल्या दिवशीच सांगितलेलं असायचं, की जावईबापूंना आपलं तिखट सोसत नाही, चिंचेच्या खट्ट्या डाळीत मिरची कमी घाल. मला उभ्या आयुष्यात कुणी मिरची कमी करून दिलेली नाही.

मग गाडी यायची. दाजी चपला काढता काढताच विचारायचे, "काय अप्पा, काय म्हणतोय फोन?"

"काय मालूम हो. आवाजच बंद झाला त्याचा. कोण फोन केला तेबी समजंना. लई परेशान केलं बघा."

दाजी फोन हातात घ्यायचे, बोट वरून खाली ओढायचे, आणि आवाज यायचा. "वा," अप्पा म्हणायचे, "तुम्ही हात लावला की झालं." हे म्हणताना ते माझ्याकडे बघायचेही नाहीत, आणि तेच जास्त झोंबायचं. ताई तेवढ्यात दिवाणावर पाय वर घेऊन अप्पांच्या शेजारी बसलेली असायची, ऑफिसातल्या गमती सांगत. तिच्याकडे माझं लक्ष नसायचं. मी दाजींची बोटं बघत असायचो.

"काहीतरी जळल्याचा वास येतोय," बायको स्वयंपाकघरातून म्हणायची. "गॅसवर तर काही नाही. मग तुम्हीच असाल."

एका शनिवारी मी ठरवलं, आता बास. अप्पांच्या फोनवरची अक्षरं मुंगीएवढी झाली होती आणि ते भिंग लावून मेसेज वाचत होते. ते दुपारी झोपल्यावर मी फोन घेतला, अक्षरं नीट केली, वर आणखी दोन-चार दुरुस्त्या केल्या आणि फोन जागच्या जागी ठेवला. आइतवारी सकाळी बघतो तर अक्षरं एवढी मोठी, की एका वेळी स्क्रीनवर तीन शब्द मावत होते. दाजी आले, त्यांनी ती बरोबर केली.

"काल मी केला होता की नीट," मी म्हणालो.

"मग आज बिघडला कसा?" अप्पांनी विचारलं, अगदी साळसूदपणे.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जो प्रश्न मला शेकडो लोक विचारतात आणि ज्याचं उत्तर मी छापून देतो, तो माझ्या घरात माझ्याच तोंडावर आपटला होता. दाजी मला म्हणाले, "जुना फोन आहे हो, होतं असं कधीकधी." सांत्वन करणाऱ्या माणसाचा जेवढा राग येतो तेवढा टोमणे मारणाऱ्याचाही येत नाही.

मग एका आइतवारी दाजींनी नवीच टूम काढली. "अप्पा, तुमची फार गैरसोय होते. काही अडलं की आठवडाभर थांबावं लागतं. मी एक ॲप टाकून देतो. मला घरबसल्या तुमचा स्क्रीन दिसेल आणि तिथूनच सगळं करता येईल. तुम्ही फक्त मिस्ड कॉल द्यायचा आणि 'परवानगी' असं येईल तिथे बोट टेकवायचं."

"छान," अप्पा म्हणाले.

मला तर आनंदच झाला. आता हा माणूस दर आठवड्याला माझ्या घरात येऊन माझी किंमत कमी करणार नव्हता. मी तेवढ्यावर थांबलो नाही. पुढच्या लेखात अशा ॲपचं भरभरून कौतुक केलं, म्हाताऱ्या आईवडिलांपासून लांब राहणाऱ्यांना हे वरदान आहे वगैरे. लोकांची पत्रं आली. छान लिहिलंय म्हणाले.

त्यानंतरच्या आइतवारी कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. अप्पा सकाळी दाढी करत, शर्ट घालत आणि बसून राहत. अकरा वाजून गेले की फोन उशीखाली ठेवून बाहेर स्टेशनसमोरच्या स्टॉलवर जात. माझा पेपर तिथे एक दिवस शिळा येतो, तो तेच आणतात. लेख वाचायला आणतात की शब्दकोडं सोडवायला, हे मी कधी विचारलं नव्हतं. उत्तराची भीती वाटायची.

असाच एक आइतवार. मी दूध घेऊन आलो तर अप्पा गॅलरीत पाठमोरे बसलेले, हातात फोन. मी मागे उभा राहून बघत होतो. ज्या माणसाला सेटिंग कुठे असतं ते आजवर सापडत नव्हतं, त्याचा अंगठा सरळ तिथे गेला, भाषांच्या यादीत भरभर उतरला आणि फोन रशियन करून थांबला.

"अप्पा, काय करताय?"

ते दचकले नाहीत. "बिघडवतोय," म्हणाले.

"हे शिकलात कुठून?"

"तूच लिहितो ना. हे करू नका, ते करू नका. आवाज कशानं बंद होतो, अक्षरं बारीक कशानं होतात. सगळं सिलसिलेवार लिहितो तू. मी वाचून तसंच करतो."

मी दुधाची पिशवी हातात घेऊन तसाच उभा राहिलो. माझा इतका मन लावून वाचणारा वाचक दुसरा कुणी नव्हता. ज्या कौतुकासाठी मी इतकी वर्षं जळत होतो ते मला मिळालं, आणि मिळालं ते या तऱ्हेनं. हसावं की रागवावं ते कळेना. खरं सांगतो, आधी आनंद झाला.

"पण हे सगळं कशासाठी?"

"कामाशिवाय जावयाला कसं बोलवायचं? ते नाही आले तर ती कशी येईल? त्यांचा एक दिवस असतो सुट्टीचा, तो दोघांचा असतो."

"मग ताईला फोन करून सांगा की, ये म्हणून."

"नक्को. ती आपणहून आली तर आली. मी ये म्हणायचं, तिला जमायचं नाही, मग ती उगी घरात भांडण काढंल. लेकीच्या संसारात आपण गडबड करायची नाही."

एवढं बोलून त्यांनी दाजींना मिस्ड कॉल दिला आणि फोन माझ्यासमोर धरला. "आता हे बघ," म्हणाले. स्क्रीनवर काहीतरी उमटलं, अप्पांनी बोट टेकवलं, आणि मग कुणाचाही हात न लागता पानं आपोआप सरकायला लागली. बघता बघता रशियनचं मराठी झालं. लगेच दाजींचा फोन आला, झालं म्हणाले. त्यांच्या मागून ताईचा आवाज आला, "अप्पा, जेवलात ना? बरं, आम्ही निघतोय जरा, नंतर बोलते हं." फोन बंद झाला. अप्पांनी तो मांडीवर पालथा ठेवला.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "एक विचारू का तुला? असं काय बिघडतं, की ज्याला माणूसच यावं लागतं?"

खरंच उत्तर हवं म्हणून अप्पांनी मला विचारलेला, माझ्या धंद्यातला हा पहिलाच प्रश्न होता. उत्तर मला तिथल्या तिथे सुचलं. तरी मी म्हणालो, "बघतो."

अप्पांच्या सिममध्ये इंटरनेट नाही, त्यांचा फोन घरच्या वायफायवर चालतो. राउटर बंद पडला की दाजींचं ॲप आंधळं. तो तिकडून नीट करता येत नाही, समोर बसूनच करावा लागतो, आणि केबलवाला आइतवारी येत नाही. पण राउटर आहे माझ्याच खोलीत, माझ्याच टेबलावर. तो बिघडला तर दाजींनी का यावं? ते पहिलाच प्रश्न विचारणार, घरात तुम्ही आहात ना? आणि मग मला म्हणावं लागणार, मला जमत नाही. आचाऱ्यानं शेजाऱ्याला बोलावून भात कसा लावायचा ते विचारावं, तसं ते होतं. दुसऱ्या कुणासमोर मी म्हटलंही असतं. त्या माणसासमोर नाही.

आणि आणखी एक होतं. दाजींचा हेवा होता तो होताच, आता ताईचाही वाटायला लागला. तिच्यासाठी हा माणूस दर आठवड्याला लेख वाचून, पाठ करून, स्वतःचाच फोन मोडत होता. मी रोज समोर बसून जेवतो. माझ्यासाठी त्यांनी कधी काही बिघडवलं नव्हतं.

हे मी बायकोला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "तुम्ही जाता कुठे, की तुम्हाला बोलवायला काही बिघडवावं लागेल?" बरोबर होतं तिचं. तरी जळायचं काही थांबेना. तो आठवडा मी काही केलं नाही. अप्पांनीही पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या आइतवारी त्यांनी दाढी केली, शर्ट घातला, आणि फोन शेजारी ठेवून बसले. बिघडवला मात्र नाही. बिघडवण्यात अर्थच उरला नव्हता. नुसतेच बसले होते, नटून. ते मला बघवेना. मी खोलीत गेलो, टाचणी घेतली आणि राउटरच्या मागच्या बारीक भोकात खुपसून दाबून धरली. असं केलं की तो सगळं विसरतो, कोऱ्या पाटीसारखा होतो. मग दाजींना फोन लावला.

"दाजी, वायफाय गेलंय."

"अहो, पण तुम्ही घरीच आहात ना?"

"आहे."

"मग? बघितलंत का तुम्ही?"

"बघितलं. मला जमत नाहीये. तुम्ही येऊन बघाल का?"

ते हसले असते तर बरं झालं असतं. "असू द्या हो," ते म्हणाले, इतक्या प्रेमानं की माझे कान तापले. "लिहिणं वेगळं, करणं वेगळं. आम्ही आलोच."

आम्ही म्हणाले, एवढं मी ऐकलं आणि बाहेर येऊन अप्पांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि शर्टाची कॉलर सारखी केली.

दोघं आले. ताई अप्पांच्या शेजारी दिवाणावर बसली आणि तिची टकळी सुरू झाली. तिची कुणीतरी वरिष्ठ बाई मीटिंगमध्ये कॅमेरा चालू आहे हे विसरून डुलक्या घेत होती, असं काहीतरी. अप्पा आवाज न करता हसत होते, त्यांचे खांदे तेवढे हलत होते. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना फार वेळा बघितलं नव्हतं. किंवा ते आइतवारी असेच हसत असतील आणि मी भलतीकडे बघत असेन.

दाजी माझ्या टेबलाशी, माझ्या खुर्चीत बसले होते आणि राउटर म्हणजे काय ते मला समजावून सांगत होते. "हा जो डबा आहे ना, याला आधी आपण कोण आहोत ते सांगावं लागतं." मी मान डोलवत होतो. एका ठिकाणी ते चुकीचं पान उघडत होते. मी जीभ चावून गप्प राहिलो. उघडू दे, म्हटलं, तेवढाच वेळ जाईल.

"नीट समजावून सांगा त्याला," बाहेरून अप्पांचा आवाज आला. "त्याला यातलं काही येत नाही."

सगळं माहीत असूनही माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी दारातून बघितलं. अप्पांचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. ताई काहीतरी सांगत होती आणि ते तिच्या तोंडाकडे बघत होते.

हुशार माणूस तो, चुकीच्या पानावरून लगेच मागे आला. अर्ध्या तासात वायफाय सुरू झालं. दाजी हात झटकत उठले. त्यांना पुण्याहून इथे आलेल्या कुणा मित्राकडे जेवायला जायचं होतं. ताई म्हणाली, अप्पा, येते पुन्हा, आणि चपला घालायला लागली. आम्ही त्यांना सोडायला खाली उतरलो. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत अप्पा उभे होते, मी त्यांच्या शेजारी.

जिना चढताना ते कठड्याला धरून मधेच थांबले.

"जरा अवघड बिघडवायचं होतं तू," म्हणाले. "जेवायला थांबले असते."